कोणत्या कोपऱ्यापासून मोजायचे

हळू आवाजात बोलणाऱ्या माणसाची एक सोय असते: त्याचा दुष्टपणा लोकांना नीट ऐकू येत नाही. मला आयुष्यभर सज्जन समजले गेले ते बहुतांशी या कारणाने. तळासरीच्या एका संगणक-वर्गात मी जे केले, ते मोठ्या आवाजात केले असते तर त्याच दिवशी कुणीतरी मला हटकले असते. मी ते हळू केले, म्हणून ते शिस्त म्हणून खपले.

त्याआधी मी वीसएक वर्षे डहाणू स्टेशनच्या रस्त्यावर लग्नपत्रिका मांडत होतो. छापत नव्हतो, छपाई दुसरीकडे होत असे. माझे काम एवढेच की गणपती वर मधोमध बसवायचा, त्याखाली कुलदैवत, मग वधूवर, मग निमंत्रक, आणि या सगळ्यांच्या पलीकडे पत्रिकेचे जे खरे दैवत, म्हणजे चुलते, त्यांना अशा जागी ठेवायचे की कुणाचाही कोप होणार नाही. आगर गावच्या एका बागायतदार घराच्या पत्रिकेत थोरल्या काकांचे नाव धाकट्याच्या चार मिलिमीटर खाली गेले. काका लग्नाला आले नाहीत. जेवायला मात्र आले. तेव्हापासून मी पोलादी पट्टी जवळ ठेवल्याशिवाय कामाला बसत नसे. पत्रिकेच्या वरच्या कडेपासून इतके, डाव्या कडेपासून इतके, असे मोजून प्रत्येकाला खिळा ठोकल्यासारखे जागेवर बसवायचे, ही माझी विद्या. कागद सगळीकडे सारखाच असतो, झाई गावाला नेला म्हणून तो अरुंद होत नाही, त्यामुळे ही विद्या कधी फसली नाही.

मग लोक मोबाईलवरून आमंत्रणे पाठवू लागले आणि माझे दुकान हळूहळू ओस पडले. नेमके त्याच सुमारास आमचा जिल्हा नवा झाला. जिल्हा नवा झाला म्हणजे काय झाले, हे अजून कुणी मला समजावून सांगितलेले नाही. पण प्रत्येक मंडळाला, पतसंस्थेला आणि भजनी मेळ्याला आपापली वेबसाइट हवी झाली, एवढे खरे. मी एक जाडजूड पुस्तक आणले आणि पन्नाशी उलटलेली असताना वेबपाने मांडायला शिकलो.

पुस्तकातला पोझिशनचा, म्हणजे वस्तूची जागा ठरवण्याचा, धडा आला आणि मला माझे माहेर सापडले. वेबपानावरच्या वस्तू एरवी पंगतीसारख्या बसतात: आधी आलेला आधी, नंतरचा त्याच्या खाली, आणि मधल्या कुणी पाय पसरले की पुढचे सगळे सरकतात. मला हे बेशिस्तीचे वाटे. परंतु एखाद्या वस्तूला ‘अ‍ॅबसोल्यूट’ म्हटले की ती पंगतीतून उठते आणि आपण सांगू तिथे बसते: वरून इतके पिक्सेल, डावीकडून इतके. तिच्या उठण्याने रिकामी झालेली जागा इतर लगेच भरून काढतात, जणू ती तिथे कधी नव्हतीच. मला आणखी काय हवे होते? पट्टी परत मिळाली, चुलते परत ताब्यात आले. धड्यातल्या उरलेल्या गोष्टी मी वाचल्या. पण देवळात गेलेला माणूस दानपेटीवरची पाटी वाचतो, तशा.

एवढ्या भांडवलावर मी २०१६ साली तळासरीला शिकवू लागलो. नाक्यावरच्या एका दुकानाच्या माडीवर वर्ग भरत असे. सकाळी एक बॅच, दुपारी एक, दोन्ही माझ्याच. वर्गाचे मालक स्वभावाने वाईट नव्हते, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट एकाच कागदावर लिहून हवी असे. त्यांना त्या वर्षी एक साहाय्यक शिक्षक नेमायचा होता, तोही शिकून तयार झालेल्यांतूनच. आणि नाव मी सुचवायचे होते.

दुपारच्या बॅचला आसपासच्या पाड्यांवरची मुले-मुली येत. त्यांत सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक बाई होती. पहाटे नाक्यावरून टेम्पो पकडून ती राज्याच्या सीमेपलीकडे एका कारखान्यात खोकी भरायच्या कामाला जाई, दुपारी परतून थेट वर्गात येई. तिच्या बोटांना चिकटपट्टीच्या डिंकाचा वास असे. तिची मुलगी पाच वर्षांची होती. आई टेम्पोत चढते तेव्हा ती झोपलेली असे, आणि आई वर्गातून घरी पोहोचते तेव्हा शेजारणीकडे जेवून पेंगत असे. साहाय्यकाची जागा मिळाली तर टेम्पो सुटेल, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. विनवणी म्हणून नव्हे. वेळापत्रक सांगावे तसे सांगितले होते.

परीक्षेला मी एक साधे काम दिले. चिकूच्या पेटीचे चित्र पानावर ठेवायचे आणि चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर ‘ताजे’ अशी छोटी पट्टी बसवायची. सगळ्यांनी मी शिकवले होते तसे केले: पानाच्या कोपऱ्यापासून मोजत मोजत, मोजपट्टी पडद्याला लावून, वरून एकशे ऐंशी, डावीकडून दोनशे दहा. तिने मात्र वरून शून्य आणि डावीकडून शून्य लिहिले होते. आणि पट्टी बरोबर चित्राच्या कोपऱ्यावर बसली होती.

“हे चूक आहे,” मी म्हणालो.

“बसलीय ना सर, जागेवर.”

“बसली असेल. शून्य-शून्य म्हणजे पानाचा कोपरा. ही तिथे जायला हवी होती.”

“मी चित्राला एका डब्यात घातलं. डब्याला रिलेटिव्ह लिवलं. मग ती डब्याच्या कोपऱ्यापासून मोजते.”

“कुणी सांगितले?”

“कुणी नाय. करून बघितलं. रिलेटिव्ह काढलं की पळते वर, पानाच्या कोपऱ्यात. लावलं की येते.” आणि मग ती जरा खुलून सांगू लागली, “सर, आमच्याकडे घर सांगतात ना, तसंच हाय. झाडं लय हायत, पण कुठल्याही झाडावरून नाय सांगत. ज्या झाडाला नाव पडलंय, त्याच्यावरून सांगतात. जवळचं नावाचं झाड. जवळ तसं झाडच नसलं, तर मग हायवेपासून...”

मागच्या रांगेत कुणीतरी हसले. मला वाटले, ते मला हसले. खरे तर कुणाच्या तरी खुर्चीचे चाक निघाले होते, हे मला नंतर कळले.

“हा तुझा पाडा नव्हे,” मी म्हणालो. “हे पान आहे.”

हे मी नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो. ती बसली. बाकीच्यांनी वह्यांत माना घातल्या. मी तिचे गुण अर्धे केले आणि मालकांना एका कागदावर लिहून दिले की ही विद्यार्थिनी वाद घालते. साहाय्यक म्हणून मी दुसऱ्या एका तरुणाचे नाव सुचवतो, असेही त्यात लिहिले. त्या तरुणाचा मुख्य गुण असा की मी काहीही सांगितले तरी तो मान हलवत असे. मालक म्हणाले, महिनाअखेरीस ठरवू, तोवर कुणाला बोलू नका.

याच महिन्यात माझा गौरव व्हायचा होता. डहाणूच्या एका बागायतदार मंडळाची वेबसाइट मी तयार केली होती आणि मंडळाच्या सभागृहात तिचे उद्‌घाटन होते. पहिल्या पानावर मधोमध गावदेवी, आणि पानाच्या उजव्या कडेपासून चाळीस पिक्सेलवर, आदराच्या अंतरावर, अध्यक्षांचा लंबगोल फोटो. माझ्या घरच्या रुंद पडद्यावर ते दृश्य इतके समतोल होते की मी ते पत्नीला दाखवले. ती म्हणाली, देवी जरा दमलेली दिसते. मी दुर्लक्ष केले.

अध्यक्षांनी लॅपटॉपसमोर नारळ फोडला. थोडे पाणी कळफलकावर उडाले, ते शुभ ठरले. भिंतीवर पान उमटले, टाळ्या पडल्या. मग सभासदांनी आपापले मोबाईल काढले.

मोबाईलचे पान अरुंद. त्याची उजवी कडच मुळी देवीच्या बाजूला आलेली. मी अध्यक्षांना त्या कडेपासून चाळीस पिक्सेलवर खिळवलेले असल्यामुळे कड आत आली तसे तेही आत आले, आणि थेट देवीच्या मांडीवर जाऊन बसले. लंबगोलात, फेट्यासकट, हसत.

सभागृहात माना एकमेकांच्या फोनांकडे वळल्या. मग मागून एक म्हातारे बागायतदार म्हणाले, “अध्यक्ष, दर्शन झालं असेल तर उतरा. मागे रांग आहे.”

“राहू द्या हो,” दुसरे म्हणाले. “निवडणूक झाल्यापासून बसायला जागाच शोधत होते.”

“माझ्या फोनात खांद्यावर चढलेत.”

“तुझा फोन महाग आहे.”

अध्यक्ष माझ्याजवळ आले. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी फक्त माझे कोपर धरले आणि म्हणाले, “सर, मला खाली उतरवा. घरी आई आहे. ती सोवळ्यातली आहे.”

मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो आणि आकडे बदलू लागलो. चाळीसचे दहा केले, तर अध्यक्ष देवीच्या गुडघ्यावर आले. वरून आणखी दोनशे खाली ढकलले, तर एका फोनात ते पायाशी बसले, जे शोभले असते. पण दुसऱ्या फोनात चिकूच्या भावफलकावर आडवे पडले. प्रत्येक फोनचे पान वेगळे, आणि माझ्याकडे पट्टी एकच. बाहेर चहा फिरत होता, विनोदही फिरत होते. तेव्हा मला तिचे नाव पडलेले झाड आठवले. आठवले म्हणणे बरोबर नाही. मी ते इतके दिवस आठवणार नाही याची खबरदारी घेत होतो, ती तेवढ्यापुरती सुटली.

मी देवीच्या चित्राखाली, पंगतीतच, एक साधा डबा मांडला. त्याला रिलेटिव्ह लिहिले. डबा जागचा हलला नाही, त्याच्याकडून काही हलण्याची अपेक्षाही नव्हती. त्याला फक्त नाव पडले. मग अध्यक्षांना उचलून त्या डब्यात ठेवले आणि त्यांचे वरून-उजवीकडून त्या डब्यापासून मोजले. अ‍ॅबसोल्यूट वस्तू आपल्याला सामावणाऱ्या डब्यांपैकी सर्वांत जवळचा, नाव पडलेला डबा शोधते. तो मिळाला की तिथूनच मोजते. एकही न मिळाला तरच पानापर्यंत जाते. तिने हे मला दोन वाक्यांत सांगितले होते आणि मी तिला तिसरे पुरे करू दिले नव्हते. आता देवी मोठी होवो की लहान, डबा तिच्या खालीच राहणार होता आणि अध्यक्ष डब्यात. मी बाहेर जाऊन सगळ्यांना पान पुन्हा उघडायला सांगितले. अध्यक्ष सर्व फोनांत एकसमयावच्छेदेकरून खाली उतरले.

“सर म्हणजे पोचलेला माणूस,” अध्यक्ष म्हणाले. शाल आली. मी ती घेतली. घेताना किंचित वाकलो देखील.

घरी येऊन मी जाड पुस्तक काढले. तो नियम तिथे स्वच्छ लिहिलेला होता. एवढेच नव्हे, त्या ओळीखाली माझ्याच हाताने पेन्सिलीची रेघ मारलेली होती. न समजता अधोरेखित करणे ही आमच्या पिढीची वाचनाची रीत; तिला मी अभ्यास म्हणत आलो.

यानंतरचे आठ दिवस हा माझ्या अपराधाचा खरा भाग आहे. परीक्षेच्या दिवशी मी अज्ञानी होतो. अज्ञानाला क्षमा मिळू शकते, निदान शिक्षकांना तरी ती नेहमी मिळते. पण या आठ दिवसांत मला सगळे ठाऊक होते आणि महिनाअखेर जवळ येत होती. मी रोज दुपारी वर्गात जात होतो, ती रोज समोर बसत होती, आणि मी फळ्यावर रंगांचे धडे घेत होतो. मनाशी मात्र मी भरपूर पश्चात्ताप करत होतो. पश्चात्तापाचे काम मला मुळातच जमते. त्यात कुठे जावे लागत नाही. संध्याकाळी बागेत फिरताना मी स्वतःला इतक्या सुरेख शब्दांत दोषी ठरवी, की घरी येईपर्यंत निर्दोष सुटल्यासारखे वाटे.

आठव्या दिवशी मालक सहज म्हणाले, “उद्या त्या मुलाला कळवून टाकतो.” मला त्या रात्री झोप आली नाही असे लिहायला हवे, पण मी झोपलो. फक्त पहाटे लवकर उठलो आणि स्कूटरवरून चारोटीमार्गे तळासरीचा नाका गाठला.

टेम्पोजवळ दहा-बारा बायका उभ्या होत्या. तिच्या हातात डबा आणि ओढणीचे टोक होते. मला पाहून तिने नवल वाटल्यासारखे काही केले नाही. नुसती बाजूला आली.

मी वाटेत जुळवलेले सगळे म्हटले. की माझे चुकले. की तुमचे उत्तर बरोबर होते, शिकवण्यात चूक होती. की पाड्याबद्दल मी जे बोललो त्याला क्षमा नाही. की अध्यक्षांना मी तुमच्याच रीतीने खाली उतरवले आणि शाल मात्र स्वतः घेतली. तिने सगळे ऐकले. अध्यक्षांच्या प्रसंगी तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

“सर, ते ठीक हाय,” ती म्हणाली. “कागद आणलाय?”

“कोणता कागद?”

“मालकाला द्यायचा. चुकलं ते लिवलेला.”

मी कागद आणला नव्हता. मला सुचलेच नव्हते. मी क्षमा मागायला आलो होतो आणि ती मिळाली की परत जाऊन चहा घेण्याचा माझा बेत होता.

टेम्पोतून एक थोराड बाई ओरडली, “काय गं, गुरुजी काय म्हणतंय?”

“माफी मागतंय.”

“मंग घे आणि चल की. हजेरी जाईल.”

“रिकामी माफी घेऊन काय करू?” ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, तितक्याच सरळपणे, “सर, मालक दहाला येतात ना? मी आज नाय जात. चला.”

टेम्पो गेला. त्या दिवसाची तिची हजेरी गेली, आणि ती माझ्या पश्चात्तापासाठी गेली नव्हती, कागदासाठी गेली होती, हे समजण्याइतका मी तोवर सुधारलो होतो. वर्गाची किल्ली माझ्याकडे असे. मी संगणकासमोर बसून पत्र लिहिले. मनापासून लिहिले. ते एक पान झाले. तिने उभ्यानेच वाचले.

“ह्याच्यात तुम्हीच हाय सगळीकडे.”

मी पाहिले. ‘माझ्या मनाची टोचणी’, ‘माझा अहंकार’, ‘मी स्वतःला’, असे ते पान भरले होते. तिचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत होता. मला पत्रिका मांडण्याची वीस वर्षांची सवय. कुणाला कुठे ठेवायचे हे मला कळत नव्हते असे म्हणता येणार नाही.

“मग काय लिहू?”

“काम दिलं ते लिवा. मी केलं ते लिवा. बरोबर होतं ते लिवा. गुण पुरे द्या. आणि मी शिकवू शकते का, ते लिवा, वाटत असलं तर.”

“वाटते.”

“मग लिवा.”

पत्र सहा ओळींचे झाले. माझी टोचणी त्यात कुठेही नव्हती, आणि ती गेल्याने पत्राचे काही बिघडले नव्हते.

मालक दहाला आले. त्यांनी नवा कागद वाचला, मग खणातून माझा जुना कागद काढून शेजारी ठेवला. “सर, इथे तुम्ही लिहिलंय, ही वाद घालते.”

“घालते,” मी म्हणालो. “तिचे बरोबर होते.”

“आणि त्या मुलाचं काय? तोही बरा आहे.”

“तो बरा आहे. त्याने माझी चूक जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. तो वर्गात उभा राहिला तर ती पुढच्या बॅचलाही मिळेल.”

मालकांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. त्यांची अडचण खरी होती: एकाच माणसाचे दोन कागद, दोन्हींवर सही सारखीच ठाम. शेवटी ते तिच्याकडे वळले. “तूच सांग. ह्यातलं सरांचं खरं कुठलं?”

तिने दोन्ही कागदांकडे पाहिले. मला वाटले, आता ती माझी काहीतरी लाज राखेल.

“पयलं रागानं लिवलंय,” ती म्हणाली. “हे माझ्यासमोर लिवलंय. माझ्यासमोरचं धरा.”

मालक हसले. जुना कागद त्यांनी फाडला नाही, कारण ते कागद फाडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली तारीख घातली. मग दुपारच्या नव्या बॅचचे वेळापत्रक पुढे ओढून त्यातले माझे नाव खोडले आणि तिला विचारले, “तुझं नाव इथे पूर्ण कसं लिहायचं?”